खेकडीचे पोट



मंडळाच्या वाढदिवशी प्रत्येकीने आपल्याला ठाऊक असलेल्या विषयावर बोलावे असे ठरले. मी सातवी शिकलेली बाई. पण माझे माहेर रत्नागिरीकडचे, खाडीकाठचे. म्हणून चिंबोरीविषयी बोलते. ज्या खात नाहीत त्यांनीही ऐकावे, कारण गोष्ट आईची आहे.

चिंबोरी म्हणजे खाडीच्या चिखलातला मोठा खेकडा. मालवणकडे तिला कुर्ली म्हणतात. कांदळवनाच्या मुळांशी बीळ करून ती राहते. कवच वाढत नाही, म्हणून वाढताना ती जुने कवच टाकते. नुकते कवच टाकलेली चिंबोरी आतून पाणचट निघते. म्हणून घेताना हाताला जड लागेल तीच घ्यावी. उलटी केली की पोटावर झडप दिसते. नराची अरुंद, मादीची रुंद.

आपल्या जालन्याकडे बायका म्हणतात, खेकडीची पिल्ले आईचे पोट फाडून बाहेर येतात आणि आई मरते. भगिनींनो, हे खरे नव्हे. अंडी घातल्यावर आई ती त्या रुंद झडपेखाली, पोटाच्या बाहेरच चिकटवून सांभाळते. चिंबोरी अशी लाखो अंडी घेऊन खाडीतून समुद्राकडे जाते. पिल्ले लाटांवर वाहतात, बहुतेक माशांच्या तोंडी जातात, उरलेली थोडी कांदळवनात परततात. ते कांदळवन तोडण्यास मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली राज्यभर मनाई केली, हे फार बरे झाले.

आपल्या ओढ्यातल्या खेकडीचे निराळे आहे. तिची अंडी लाखांत नसतात, फार थोडी असतात. त्यांतून इवलेसे खेकडेच निघतात आणि काही दिवस आईच्या झडपेखाली राहतात. झडप उघडली की पिल्लांचा घोळका बाहेर पडतो, त्यालाच लोक पोट फाटले म्हणतात. आई मरत नाही, तिला आपण मारतो. अशी एक खेकडी कालवणात गेली की तिच्याबरोबर सगळे बिऱ्हाड गेले.

म्हणून एवढीच विनंती. पावसात मुले ओढ्यावर खेकडे धरायला जातात, त्यांना खेकडा उलटा करून पाहायला शिकवा. झडपेखाली अंडी किंवा पिल्ले दिसली तर तिथेच सोडायला सांगा. बाजारातही तशी खेकडी घेऊ नका. गिऱ्हाईक नसले की धरणाराही सोडून देईल.