परदेशांतील वास्तव्य आणि घरची ओढ
(ज्युबिलीनिमित्त दिलेलें भाषण)



आजच्या मंगल प्रसंगीं आम्ही निवडलेला विषय देवळापेक्षां कचेरींत अधिक शोभेल, असें कोणास वाटेल. परंतु शिवाजी पार्कच्या आसपास अशीं कॅथलिक घरें आतां पुष्कळ आहेत कीं, ज्यांचा मुलगा, मुलगी किंवा नातू कॅनडांत, इंग्लंडांत अथवा आखातांत आहे. तीं मुलें तेथें कायमच्या वास्तव्याचा हक्क मिळावा म्हणून दिवस मोजीत आहेत. आणि येथें त्यांचे वृद्ध आईबाप निराळेच दिवस मोजीत आहेत. "आतां निघालों तर इतक्या वर्षांचे कष्ट फुकट जातील," या भीतीनें मुलगा आईच्या अखेरच्या आजारांत येत नाहीं. आणि पुष्कळदां ती भीति नियमामुळें नव्हे, तर नियम नीट न वाचल्यामुळें असते.

तेव्हां नियम काय आहेत तें पाहूं. कॅनडाच्या कायद्याप्रमाणें कायम रहिवाशानें दर पांच वर्षांच्या कालावधींत निदान ७३० दिवस त्या देशांत काढिले पाहिजेत. हे दिवस सलग असावे असेंहि नाहीं. म्हणजे पांचांपैकीं सुमारें तीन वर्षें बाहेर राहण्याची मुभा आहे; महिनाभर आईच्या उशाशीं बसल्यानें हा हक्क सहसा जात नाहीं. नागरिकत्वाचा हिशेब मात्र वेगळा. त्यासाठीं अर्जापूर्वींच्या पांच वर्षांत १,०९५ दिवस प्रत्यक्ष वास्तव्य लागतें. तेथें गैरहजेरीनें अर्ज लांबणीवर पडेल इतकेंच. या दोन हिशेबांची गल्लत झाल्यानें लोक विनाकारण धास्तावतात.

ब्रिटनमध्यें नोकरीच्या व्हिसावर राहून कायमचें वास्तव्य मागणाऱ्यास साधारणतः कोणत्याहि १२ महिन्यांत १८० दिवसांहून अधिक बाहेर राहतां येत नाहीं. परंतु जवळच्या आप्ताचा प्राणांतिक आजार किंवा मृत्यु यांसारख्या कारणानें झालेली अनुपस्थिति मोजणींतून वगळण्याची तरतूद त्याच नियमांत आहे. त्यासाठीं डॉक्टरांचें पत्र, मृत्यूचा दाखला व प्रवासाचीं तिकिटें जपून ठेवावीं. एकंदर किती वर्षें राहावें लागेल, याविषयीं तेथील सरकारनें २०२५ सालीं पांचांऐवजीं दहा वर्षांची योजना मांडिली. यास्तव शेजाऱ्याच्या ऐकीव माहितीवर न विसंबतां अर्जाच्या वेळचा नियम स्वतः वाचावा. आखातांत बहुतेकांचें वास्तव्य नोकरीपुरतेंच असतें. आणि संयुक्त अरब अमिरातींत सामान्य परवानाधारक सहा महिन्यांहून अधिक बाहेर राहिल्यास परवाना रद्द होऊं शकतो.

आतां आपल्या पवित्र मातेचा, ख्रिस्तसभेचा, कायदा ऐका. वास्तव्याचे नियम तिनेंहि केले आहेत. १९८३ सालच्या धर्मसंहितेप्रमाणें जो एखाद्या धर्मग्रामांत कायम राहण्याच्या उद्देशानें येऊन राहतो, तो पहिल्याच दिवशीं तेथला होतो. तसा उद्देश नसला तरी पांच वर्षें पुरीं राहिल्यानें होतो. निदान तीन महिने राहण्याचा उद्देश असला, अथवा तितके महिने प्रत्यक्ष गेले, तरी तेथील धर्मगुरु त्याचा होतो. ज्यास कोठेंच ठिकाण नाहीं तोहि पोरका नाहीं. त्या घडीस तो जेथें असेल तेथील धर्मगुरु त्याचा. आणि हें ठिकाण सुटतें कसें? नुसत्या गैरहजेरीनें नव्हे, तर परत न येण्याच्या निश्चयानें निघून गेल्यानें. राज्य दिवस मोजतें. तें त्यास प्राप्तच आहे, कारण मन त्यास दिसत नाहीं. ख्रिस्तसभा मनहि विचारते. दिवसांचें बंधन आम्हां धर्मगुरूंसहि आहे: वार्षिक ध्यानाचे दिवस सोडून वर्षांत एका महिन्याहून अधिक सुटी घेण्याची आम्हांस मुभा नाहीं.

फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडांतून १५७९ सालीं गोव्यास आले व १६१९ सालीं तेथेंच निवर्तले. १६१६ सालीं प्रसिद्ध झालेलें त्यांचें ख्रिस्तपुराण आपल्या मराठींत आहे. परक्या भूमीस त्यांनीं केवळ वर्षें दिलीं नाहींत, मन दिलें. म्हणून ते आपले झाले.

यावरून आमचें सांगणें इतकेंच. परदेशांतील मुलांनो, दिवसांचा हिशेब वहींत चोख ठेवा; एकहि दिवस खोटा लिहूं नका; आणि तेथील धर्मग्रामांत पहिल्याच रविवारीं आपलें नांव द्या. आईबापांनो, "पोराला उगीच त्रास नको" म्हणून आजार लपवूं नका. यावें कीं न यावें हें त्याला नियम पाहून ठरवूं द्या. आणि येथें राहणाऱ्या आपण सर्वांनीं हें स्मरावें कीं, आपल्या शेजारचें पोर्तुगीज चर्च १५९६ सालचें असलें, तरी १९२५ सालीं खुल्या झालेल्या या मैदानाभोंवतालच्या वस्तींत आपल्यांपैकीं बहुतेकांचे वाडवडील वसईहून, गोव्याहून वा देशावरून आलेले. आज एखादी परिचारिका, विद्यार्थी किंवा घरकाम करणारी मुलगी मिस्सेनंतर दाराशीं संकोचून उभी असेल, तर तिला किती वर्षें झालीं हें विचारूं नका, नांव विचारा.

मिसर देशांत परके होऊन राहिलेलें पवित्र कुटुंब दूर असलेल्या आपल्या लेंकरांस सांभाळो, आणि योग्य वेळीं घराचा उंबरठा ओलांडण्याचें धैर्य त्यांस देवो. आमेन.