कड्याची झीज आणि काळाचे माप

समुद्रकाठचा चुनखडीचा कडा किती वेगाने मागे हटतो, या प्रश्नाचे उत्तर मोजणारा किती काळाचे माप हाती घेतो, यावर अवलंबून असते. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ससेक्स परगण्यात बीची हेड नावाचा पांढराशुभ्र कडा आहे. तो खडूच्या दगडाचा, म्हणजे एका प्रकारच्या मऊ चुनखडीचाच आहे.

कड्याच्या पायथ्याशी ओहोटीच्या वेळी उघडा पडणारा सपाट खडक वर्षाला काही मिलिमीटरच खालावतो. अशी झीज मोजण्यासाठी खडकात धातूचे तीन खिळे कायमचे बसवितात आणि त्यांवर तीन पायांचे सूक्ष्ममापक ठेवून ठरावीक काळाने त्याच जागी नोंद घेतात. हाय व हॅना यांनी १९७० साली वर्णिलेले हे उपकरण मोठे चोख आहे. पण खुद्द कड्यापुढे त्याचे काही चालत नाही. कडा वर्षानुवर्षे निश्चल उभा राहतो आणि एके दिवशी कोसळतो. जानेवारी १९९९ मध्ये बीची हेडचा मोठा भाग असाच ढासळला. त्याच वर्षी मार्चमध्ये जवळचे बेल टाउट हे जुने दीपगृह कडेपासून १७ मीटर मागे सरकविण्यात आले. पाच वर्षांच्या मोजणीत अशी एखादी दरड सापडली तर वेग भयंकर दिसेल. हुकली तर जवळजवळ शून्य.

म्हणून जुने नकाशे व छायाचित्रे ताडून पाहतात. त्यांवरून गेल्या दीडशे वर्षांत येथील कडे वर्षाला २२ ते ३२ सेंटिमीटर मागे हटल्याचे दिसते.

नकाशांपूर्वीच्या काळाची साक्ष खडूत रुतलेला चकमकीचा दगड देतो. कडा हटून खडक उघडा पडला, की विश्वकिरणांच्या माऱ्याने त्या दगडात बेरिलियम-१० हे समस्थानिक साठू लागते. खडक जितका अधिक काळ उघडा, तितका साठा मोठा. अर्थात भरतीचे पाणी काही किरण अडविते आणि खडकही वरून झिजतो. त्याचा हिशेब करावा लागतो, आणि तेथे ते मिलिमीटरांचे मोजमाप पुन्हा उपयोगी पडते. हर्स्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी बीची हेड व होप गॅप येथील असे नमुने तपासून २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला: गेल्या काही सहस्रकांतील वेग वर्षाला अवघा २ ते ६ सेंटिमीटर होता.

दीडशे वर्षांत अनेक दरडी कोसळून जातात. तेव्हा ही तफावत केवळ योगायोगाची म्हणता येत नाही. कड्याच्या पायाशी लाटांचा जोर झेलणारी गोट्यांची पुळण विरळ झाली, हे तिचे एक संभाव्य कारण या संशोधकांनी सुचविले आहे. कडेपासून २० मीटरवर घर असलेल्या माणसाला हा प्रश्न पुस्तकी वाटणार नाही. वर्षाला ४ सेंटिमीटर धरले, तर त्या घराला ५०० वर्षे मिळतात. २५ धरले, तर ८०.