कापसाच्या तेजीतला लाटसाहेब
(नाशिक जिल्हा बैठकीतील भाषण)



मुंबईत हुतात्मा चौकात फ्लोरा फाउंटन नावाचे कारंजे आहे. १८६४ साली ते उभे राहिले. आधी त्याला मुंबई इलाख्याच्या गव्हर्नराचे, सर बार्टल फ्रियरचे नाव द्यायचे होते. या लाटसाहेबाशी आपला काय संबंध, असे मालेगाव-नांदगावकडची मंडळी विचारतील. संबंध आहे. त्या वर्षी मुंबईत जो पैसा उतू जात होता, तो कापसाचा होता.

फ्रियर १८१५ साली वेल्समध्ये जन्मला. कंपनीच्या नोकरीसाठी १८३४ साली मुंबईला आला, तो वाटेत तांबड्या समुद्रात उघड्या होडीतून प्रवास करून. धाडसी गडी होता आणि लबाड नव्हता, हे आम्ही आधीच सांगून ठेवतो. पुणे जिल्ह्यात तो असिस्टंट कलेक्टर झाला. सारा झेपत नाही म्हणून तिथल्या जिराईत गावांत जमिनी पडीक पडल्या होत्या. १८३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट या साहेबांनी इंदापूरला कस पाहून जमिनीची प्रतवारी लावली, सारा उतरवला आणि तीस वर्षांसाठी बांधून दिला. हा तीसचा आकडा ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

नंतर तो साताऱ्याला रेसिडेंट झाला. १८४८ साली राजे वारले, तेव्हा दत्तकाचा हक्क मानावा असे फ्रियरचे मत होते. डलहौसीने राज्य खालसा केले, आणि त्याच राज्याचा कमिशनर म्हणून फ्रियरच बसला. मत दिले, खुर्ची सोडली नाही! पुढे सिंध, मग कलकत्ता, आणि एप्रिल १८६२ मध्ये मुंबईची गव्हर्नरी.

आता जरा अमेरिकेत जाऊ. दक्षिण कॅरोलायना राज्याचा एके काळचा गव्हर्नर जेम्स हॅमंड हा तीनशेहून जास्त गुलामांचा मालक. कापूस हाच राजा आहे, त्याच्याशी लढायची कोणाची छाती नाही, असे त्याने १८५८ साली तिथल्या सिनेटात ठणकावले होते. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी रुपयात बारा आणे अमेरिकेचा असे, त्या जोरावर ही घमेंड. १८६१ साली तिथे यादवी जुंपली, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली, आणि हा राजा गोदामात अडकून पडला. लँकेशायरचे गिरणीवाले मग आपल्याकडे धावले.

जो कापूस आखूड धाग्याचा म्हणून लिव्हरपूलचे व्यापारी नाक मुरडत घेत, त्याचा भाव १८६४ पर्यंत चौपटीच्या घरात गेला. शेतकी कॉलेजात धाग्याची लांबी आम्हीही घोकली. पण अडले की आखूड धागाही चालतो, हे कोणी शिकवले नव्हते. खानदेशात ज्वारीची राने कपाशीखाली गेली आणि ज्वारी महागली. गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्याच्या गोष्टी सांगतात. चांदी असो नसो, सावकाराने हात सैल सोडला, कारण रयतेच्या जमिनीला पत आली होती.

फ्रियरने काय केले? १८६३ साली बोरघाटातली आगगाडी सुरू केली, १८६५ साली आपल्या कसारा घाटातली सुरू झाली. मुंबईच्या किल्ल्याचा तट पाडून शहर मोकळे केले. कापसात भेसळ करणाऱ्याला शिक्षेचा कायदा १८६३ साली झाला. कर्जाच्या व्याजावर मात्र कायदा नाही. उलट व्याजाची मर्यादा १८५५ सालीच उठवली होती. नेहमीच्या भावावर मुंबईला पाच वर्षांत सुमारे ८१ कोटी रुपये जादा मिळाले, असा त्या वेळचा हिशेब आहे. ते गेले समुद्र बुजवण्याच्या कंपन्यांच्या शेअरांत.

एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतले युद्ध संपले. भाव कोसळला, कंपन्या बुडाल्या, सरकारी भांडवल असलेली बँक ऑफ बॉम्बेही बुडाली. चौकशीत फ्रियरच्या सरकारावरही ठपका आला. शहराच्या बुडीची चौकशी निदान लगेच झाली.

आता तो तीसचा आकडा. इंदापूरचा बंदोबस्त नेमका १८६७ च्या सुमारास संपला आणि साऱ्याची फेरआकारणी आली. गेल्या वर्षांतले चढे भाव आणि आगगाडीची सोय हिशेबात धरली, आणि सारा निम्म्याहून जास्त वाढला. भाव उतरला होता, सारा चढला होता, आणि तेजीत काढलेले कर्ज होते तिथेच होते.

फ्रियर मार्च १८६७ मध्ये विलायतेला निघून गेला. पुढे १८७३ साली गुलामांचा व्यापार थांबवायला झांझिबारला गेला, ते काम चांगलेच केले. मग दक्षिण आफ्रिकेत झुलूंशी युद्ध ओढवून घेतले, १८८० साली परत बोलावला गेला, १८८४ साली वारला.

पण मधले १८७५ साल सांगायचे राहिले. त्या वर्षी १२ मे रोजी पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे काढून जाळले. पाठोपाठ नगर जिल्ह्यातही तेच झाले. १८७६ च्या चौकशी अहवालात तेजीतली सैल उधारी आणि मागून आलेली मंदी ही कारणे नोंदली गेली. सुप्याला सहा महिने होतात न होतात, तोच नोव्हेंबरात इंग्लंडचा युवराज मुंबई बंदरात उतरला. शहरभर रोषणाई होती. युवराजाच्या लवाजम्यात सर बार्टल फ्रियर होता.