आपोआप सुरू होणारा प्रोग्राम कसा थांबवाल?

2012 साली ब्रिटनमधून बाजारात आलेला रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक आज अनेक शाळा-कॉलेजांत दिसतो. वीज मिळताच त्यावर काही प्रोग्राम न सांगता सुरू होतात. मेमरी बेताची असल्यामुळे नको असलेला प्रोग्राम इथे लगेच जाचतो.

आधी शोधायचं, त्याला उठवतं कोण? बहुतेक वेळा हे काम सिस्टमडी या व्यवस्थेचं असतं; पडद्यामागे चालणारे प्रोग्राम, म्हणजे ‘सेवा’, तीच सुरू करते. टर्मिनलमध्ये सिस्टमसीटीएल या आज्ञेपुढे ‘स्टॉप’ आणि सेवेचं नाव लिहिलं, की ती सेवा तेवढ्यापुरती थांबते; संगणक पुन्हा सुरू केला की परत हजर! ‘डिसेबल’ लिहिलं, तर पुढच्या वेळी ती आपोआप सुरू होत नाही. पण चालू असलेली सेवा नुसत्या ‘डिसेबल’ने थांबत नाही. बरेच जण इथेच गोंधळतात. म्हणून दोन्ही आज्ञा द्याव्यात. दुसऱ्या एखाद्या सेवेने तिला ओढून आणलंच, तर ‘मास्क’ हा जालीम उपाय. या आज्ञांआधी प्रशासकाचा अधिकार देणारं ‘सुडो’ लिहावं लागतं.

तरीही प्रोग्राम उघडतोय? मग होम फोल्डरमधल्या लपलेल्या ‘कॉन्फिग’ फोल्डरात ‘ऑटोस्टार्ट’ पाहा. आपोआप चालवायच्या कामांची यादी असलेल्या क्रॉनटॅबमध्ये ‘रीबूट’ची ओळ असेल, तर तिच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह टाका. ओळ पुसू नका, पुढे लागू शकते.

एक कळकळीची विनंती: मॉनिटर न जोडता दुरून संगणक वापरत असाल, तर ती दुरून जोडणी देणारी एसएसएच ही सेवा बंद करू नका.