कामकाजाची इंग्रजी
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



विषय ठरला तेव्हा कार्यवाहांनी आम्हांला हळूच सुचविले होते की, मराठी मंडळाच्या व्यासपीठावरून इंग्रजीचे गोडवे नकोत. ते गाण्याचा आमचा विचारही नाही. पोटापाण्यासाठी महाराष्ट्राबाहेर आलेल्या आपल्या माणसाला घरी मराठी, बाजारात त्या त्या प्रांताची भाषा आणि कचेरीत इंग्रजी असा तीन ठिकाणचा संसार करावा लागतो. त्यांतील तिसऱ्या ठिकाणी आपले बस्तान अजून नीटसे बसलेले नाही, एवढेच आमचे म्हणणे आहे. आमची पदवी साधी बी. ए.ची, परंतु केंद्र सरकारच्या सेवेत तीसएक वर्षे दुसऱ्यांची पत्रे, टिपणे आणि आता ईमेल वाचण्याचा योग आला, त्या बळावर हे बोलत आहोत.

कामकाजाची इंग्रजी म्हटली की आपल्याकडे लगेच व्याकरणाचे पुस्तक काढले जाते. व्याकरण हवेच. पण खरी गोम अन्यत्र असते. २००३ सालच्या जानेवारीत कोलंबिया हे अवकाशयान उडाले, तेव्हा इंधनटाकीवरील फोमचा एक तुकडा सुटून त्याच्या डाव्या पंखावर आदळला. यान अवकाशात असतानाच अभियंत्यांनी या आघाताचा विचार केला आणि आपले निष्कर्ष पडद्यावर दाखवावयाच्या पृष्ठांत मांडले. त्यांतील एका पृष्ठाचा मथळा वाचून कोणाचाही समज व्हावा की, चाचण्यांचे अंदाज सावधगिरीच्याच बाजूचे आहेत, चिंता नसावी. त्याच पृष्ठाच्या अगदी तळाशी मात्र नोंद होती की, चाचणीतला तुकडा ३ घन इंचांचा, तर येथे विचारात घेतलेला १९२० घन इंचांचा. म्हणजे ६४० पट! 'सिग्निफिकंट' हा शब्द त्या एका पृष्ठावर पुनःपुन्हा येतो आणि दर वेळी त्याचा अर्थ निराळा लावावा लागतो. १ फेब्रुवारी २००३ रोजी परतीच्या वाटेवर ते यान भंगले आणि कर्नालच्या कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर गेले. यान पडले ते आघातामुळे, पृष्ठामुळे नव्हे. तथापि, हे पृष्ठ वाचून वरिष्ठांना जिवावरच्या प्रसंगाची कल्पना न येणे सहज शक्य होते, अशा आशयाचा शेरा चौकशी मंडळाने आपल्या अहवालात मारला आहे. आता ते लिहिणारे अमेरिकेतले निष्णात अभियंते. त्यांना इंग्रजी येत नव्हती असे कोण म्हणेल? जे सर्वांत आधी सांगावयाचे, ते सर्वांत शेवटी गेले.

हीच खोड आपल्या अर्जांतही आहे, आणि ती आपण मराठीतून सोबत आणतो. मराठी अर्जाची घडी अशी, की आधी नमस्कार, मग हकीकत, मग अडचणी, आणि शेवटी 'तरी मेहेरबानी करून अमुक करावे, ही विनंती'. मराठी वाचणारा या वळणाला सरावलेला असतो. तो थेट 'तरी'वर नजर टाकतो. इंग्रजी वाचणारा पहिल्या दोन ओळींत मागणी शोधतो, आणि ती तेथे न दिसल्यास पत्र बाजूला ठेवतो. एका लघुउद्योजकाचे पत्र आमच्या पाहण्यात आले होते. मुदतवाढ मागणारे एकच वाक्य, पण ते पाचव्या परिच्छेदात. पत्र वेळेत पोहोचले, मागणी मात्र मुदत टळल्यावर वाचली गेली. पुढे त्या गृहस्थांची अनामत रक्कम सोडवून घेण्यास आठ महिने लागले.

दुसरी गोष्ट 'पर्यंत' या शब्दाची. 'शुक्रवारपर्यंत माल पाठवा' आणि 'शुक्रवारपर्यंत मी गावी आहे' या दोन्ही ठिकाणी आपल्याला एकच शब्द पुरतो. इंग्रजीत पहिल्याला 'बाय' आणि दुसऱ्याला 'टिल'. आपण सगळीकडे 'टिल' लिहितो, आणि पलीकडचा बुचकळ्यात पडतो की माल शुक्रवारी एकदाच द्यावयाचा की तोवर रोज थोडाथोडा! परदेशी व्यवहारात आकड्यांचेही असेच. ५/६ म्हणजे आपल्याला पाच जून, अमेरिकन माणसाला सहा मे. लाख-कोटी तिकडे समजत नाहीत; दहा लाखांना मिलियन म्हणावे लागते, स्वल्पविरामाच्या जागाही बदलतात. महिन्याचे नाव अक्षरी लिहावे आणि वेळ देताना ती भारतीय आहे असे नमूद करावे.

राहता राहिली आमच्या कचेऱ्यांची इंग्रजी. तिच्याविषयी फार बोलणे बरे नव्हे, कारण तिच्याच मिठावर आम्ही वाढलो. 'काइंडली डू द नीडफुल' हे वाक्य तर कोणाच्या हातून सुटलेले नाही. ज्यांच्याकडून हे वळण आले, त्या इंग्रजांनी ते केव्हाच सोडावयास घेतले. ब्रिटिश अर्थखात्याच्या सांगण्यावरून सर अर्नेस्ट गॉवर्स या सनदी अधिकाऱ्याने १९४८ साली 'प्लेन वर्ड्स' हे पुस्तक आपल्या कारकुनांसाठी लिहिले. आपण मात्र 'इट इज फेल्ट दॅट' म्हणत बसलो. कोणाला वाटले, हे कळण्याची सोय नाही. काही ठिकाणी हे हेतुपुरस्सरही असते, हे आम्ही जाणून आहोत.

कारभारी लेखनाचा विचार आपल्याला परका मुळीच नाही. शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून फारसी संज्ञांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश झाला. समर्थांनी दासबोधात लेखनक्रियेसाठी एक अख्खा समास दिला आणि त्यात अक्षराच्या वळणापासून पानाभोवती जागा सोडण्यापर्यंत सारे सांगितले. ही दृष्टी मराठीत होती. इंग्रजी लिहिताना आपण ती घरी ठेवून जातो.

तरुण मंडळी म्हणतील, आता संगणकच पत्र लिहून देतो, मग हा खटाटोप कशाला? देतो खरे, आणि व्याकरण आमच्यापेक्षा चांगले देतो. परंतु आपल्याला नेमके काय हवे आहे, किती तारखेला हवे आहे आणि ते कोणाकडून हवे आहे, हे त्याला आपणच सांगावे लागते. ते आपल्यालाच ठाऊक नसेल, तर गुळगुळीत इंग्रजीत लिहिलेला गोंधळ हाती येतो.

कार्यकारिणीपुढे आम्ही एक सूचना मांडली आहे, ती येथे सांगतो. मंडळाच्या वाचनालयात शनिवारी सायंकाळी दीड तास वर्ग घ्यावा. पाठ्यपुस्तक नको. येणाऱ्याने आपले खरेखुरे पत्र, निविदेवरील शंका, यंत्राच्या बिघाडाचा अहवाल, नोकरीचा अर्ज, जे असेल ते आणावे. नावे आणि रकमा झाकाव्यात. शेजारच्याने ते एकदाच वाचून, कागद पालथा घालून, यात काय मागितले आहे ते मराठीत सांगावे. सांगता आले नाही, तर पत्र पुन्हा लिहावे. वर्गासाठी फळा आणि दोन बाके वाचनालयात आहेतच. शनिवार आम्हांलाही मोकळा असतो.