बरं होणं म्हणजे काय?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

आज मी तुमच्याशी येशूंच्या चमत्कारांविषयी बोलणार आहे. मुसलमान घरातल्या, मराठीत कविता लिहिणाऱ्या माणसानं शुभवर्तमानावर का बोलावं, असा प्रश्न कुणाला पडेल. त्याचं एक उत्तर सोपं आहे. येशू आम्हाला परके नाहीत. आम्ही त्यांना हजरत ईसा म्हणतो. जन्मांधाला दृष्टी देणं, कुष्ठरोग्याला बरं करणं, हे त्यांचे चमत्कार कुराणातही आले आहेत. ते अल्लाहच्या आज्ञेनं घडले, असं तिथं आवर्जून सांगितलं आहे. उर्दू शायरीत तर 'मसीहा' म्हणजे दुखणं बरं करणारा, असा अर्थच रूढ झाला.

दुसरं उत्तर तितकं सोपं नाही. ते आमच्या घरातल्या, कान तुटलेल्या एका कपाशी बांधलेलं आहे.

माझे मामू कोल्हापूरच्या उद्यमनगरात वेल्डिंगचं काम करायचे. 1989 साली त्यांच्या बोटांना भाजल्याच्या जखमा दिसू लागल्या. भाजलेलं त्यांना कळतच नव्हतं. तपासणीत कुष्ठरोग निघाला. काळ तसा वाईट नव्हता. अनेक औषधं एकत्र देण्याचा उपचार जागतिक आरोग्य संघटनेनं 1981 सालीच सुचवला होता आणि गोळ्या फुकट मिळत होत्या. मामूंनी दोन वर्षं एकही दिवस न चुकवता त्या घेतल्या. 1991 साली डॉक्टरांनी सांगितलं, रोग गेला. खरं तर गोळ्या सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत रोग्यापासून लागण होत नाही, हेही त्यांनी आम्हाला आधीच समजावलं होतं.

तरी तो कप वेगळाच राहिला. चुलीमागच्या कोनाड्यात, पालथा घातलेला. मामू आले की अम्मी तो काढायची, चहा ओतायची आणि ते गेले की वेगळा विसळायची. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. मी त्या वेळी बी.ए.ला होतो, समतेवर कविता लिहीत होतो. मामूंपुढं तो कप मीही ठेवला आहे.

पुढं बोटांच्या उपचारासाठी मामूंना घेऊन मी मिरजेला जायचो. तिथं एका दवाखान्यातल्या बाकावर मला मार्कच्या शुभवर्तमानाची मराठी पुस्तिका मिळाली. नंबर यायला वेळ होता, म्हणून वाचायला घेतली. पहिल्याच अध्यायात एक कुष्ठरोगी भेटला. त्या काळी त्वचेच्या अनेक विकारांना हे एकच नाव होतं. अशा माणसानं वस्तीबाहेर राहायचं, कुणी जवळ आलं तर आपण अशुद्ध असल्याचं ओरडून सांगायचं, असा नियम होता. हा माणूस नियम मोडून येशूंपुढं गुडघे टेकतो आणि म्हणतो, तुमच्या मनात असेल तर तुम्ही मला शुद्ध कराल. येशूंना कळवळा येतो. ते हात पुढं करून त्याला स्पर्श करतात. मग तो बरा होतो.

हा क्रम वाचून मी थांबलो. आधी स्पर्श, मग बरं होणं. आमच्या घरात मामू बरे झाल्यावरही स्पर्श झाला नव्हता.

पुढं मी चारही शुभवर्तमानं वाचली, तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली. बरं करायला येशूंना स्पर्शाची गरजच नव्हती. लूकच्या शुभवर्तमानात दहा कुष्ठरोगी दूर उभे राहून हाक मारतात. येशू जागचे हलत नाहीत, फक्त त्यांना याजकाकडं जायला सांगतात आणि वाटेतच ते दहाही जण शुद्ध होतात. मग त्या एकट्याला हात का लावला? मला वाटतं, कातडीचा रोग शब्दानंही गेला असता. पण कित्येक वर्षांत माणसाचा हात न लागल्यानं आत जे वाळून गेलं होतं, त्यावर शब्दाचा इलाज चालला नसता.

पुढचा तपशीलही पाहा. बरं झाल्यावर येशू त्यालाही याजकाकडं पाठवतात. गावात परत घेण्याचा निर्णय याजकाच्या हाती होता. म्हणजे रोग जाऊन भागत नाही, तो गेल्याचं गावानं मान्य करावं लागतं. आणि याची वाच्यता करू नकोस, असंही येशू त्याला बजावतात. चमत्काराचा बाजार मांडणाऱ्यांनी हे वाक्य वाचायला हवं. तो माणूस मात्र गावभर सांगत सुटतो. परिणाम असा, की येशूंना उघडपणे गावात शिरता येईना, ते बाहेर ओसाड जागी राहू लागले. बाहेरचा आत आला आणि त्याला आत घेणारा बाहेर गेला. मार्कनं हे एका ओळीत सांगून टाकलं आहे.

आपल्या मराठीत 'बरा' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. रोगातून सुटलेला तो बरा आणि चांगला तोही बरा. या गोष्टींत दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. गोव्यात फादर स्टीफन्स यांनी येशूंचं चरित्र मराठी ओव्यांत रचलं. ते 'क्रिस्तपुराण' 1616 साली छापलं गेलं. म्हणजे चारशे वर्षांहून अधिक काळ ही कथा आपल्या भाषेत आहे. आमच्याच भागात डॉ. विल्यम वॉनलेस कॅनडातून आले आणि 1894 साली त्यांनी मिरजेत रुग्णालय सुरू केलं. याच मिरजेत ख्वाजा मीरासाहेबांचा दर्गा आहे. तिथंही सर्व जातिधर्मांची माणसं दुखणं घेऊन येतात. एकाच गावात औषधाचा हात आहे आणि दुव्याचाही. माणसाला दोन्ही लागतात.

प्रत्येक जण बरा होत नाही, हेही शुभवर्तमान लपवत नाही. बेथेस्दाच्या तळ्याकाठी पुष्कळ आजारी पडून होते. कथा सांगितली आहे ती अडतीस वर्षं आजारी असलेल्या एकाचीच. बाकीच्यांचं काय झालं, मला माहीत नाही. म्हणून मी कुणा आजाऱ्याला तुझी श्रद्धा कमी पडली, असं कधी म्हणणार नाही.

आणि दोष एका धर्माचा नाही. जोडीदाराला कुष्ठरोग असणं हे घटस्फोटाचं कारण म्हणून हिंदू विवाह कायद्यात होतं, मुस्लिम विवाहविच्छेदाच्या कायद्यात होतं आणि ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या कायद्यातही होतं. संसदेनं ते 2019 साली काढलं. तोवर या एका बाबतीत आपण सगळे धर्मबंधू एक होतो.

ईदला आमच्यात गळाभेट घेतात. मामू दर ईदला यायचे आणि उंबऱ्याशीच उभे राहून सलाम करायचे. कुणाला अवघडल्यासारखं होऊ नये, म्हणून. पुस्तिका वाचून मला सगळं समजलं होतं. तरी पुढच्या किती ईद मी तो सलाम लांबूनच घेतला. समजणं आणि हात पुढं होणं, यांत फार अंतर असतं.

2004 साली मामू गेले. मय्यताला आंघोळ घालताना त्यांचे हात मी पहिल्यांदा हातात घेतले. वाकलेली बोटं एकेक करून धुतली. मामू 1991 सालीच बरे झाले होते. बरं व्हायचे राहिलो होतो ते आम्ही.

अंगावर बधिर चट्टा दिसला, तर आजही सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं. लवकर गेलं तर बोटंही वाकत नाहीत. दवाखाना त्याचं काम करील. तो माणूस घरी आला की चहा मात्र आपल्या कपातला द्या.