शितावरून हवेची परीक्षा

श्रोतेहो, शितावरून भाताची परीक्षा करावी, असं आपण म्हणतो. पातेल्यातल्या सगळ्या शितांना पाणी आणि आच सारखीच मिळते, म्हणून एक शीत चेपून पाहिलं तरी चालतं. वातावरणाचं पातेलं मात्र असं एकसारखं शिजत नाही. पहाटेची हवा वेगळी, दुपारची वेगळी. ढगातली वेगळी, निरभ्र आकाशातली वेगळी. म्हणून शीत कुठून आणि कधी उचललं, हे तिथे फार महत्त्वाचं ठरतं.

उद्याचं हवामान कसं असेल, हे सांगणारी संगणकीय मॉडेलं निरीक्षणांच्या कसोटीवर घासली जातात. आकडे जुळले नाहीत की मॉडेल चुकलं, असा निष्कर्ष आपण चटकन काढतो. पण निरीक्षणांचीही एक मर्यादा असते. उपकरण अगदी बिनचूक असलं, तरी ते मोजकीच शितं उचलतं.

हवामानाच्या फुग्यांचंच पाहा. जगभर ते साधारणपणे ग्रिनिचच्या मध्यरात्री आणि मध्यान्ही हवेत असावेत, असा संकेत आहे. तेव्हा भारतात पहाटेचे आणि सायंकाळचे साडेपाच वाजलेले असतात. म्हणजे आपल्याकडची भर दुपारची तापलेली हवा या फुग्यांना सहसा भेटतच नाही. उपग्रहांची अडचण निराळी आहे. अवरक्त किरणांवर चालणारं उपकरण दाट ढगांच्या आरपार पाहू शकत नाही. साहजिकच जिथे धो धो पाऊस चालू आहे, तिथलीच नोंद गळते. ढगांच्या फटींमधून घेतलेल्या नोंदींची सरासरी मग कोरडेपणाकडे झुकू शकते.

यातून केवढा वाद उभा राहतो, याचं एक उदाहरण सांगतो. १९७८च्या अखेरीपासून अमेरिकी उपग्रह सूक्ष्मलहरींच्या साहाय्याने वातावरणाचं तापमान मोजू लागले. अलाबामा विद्यापीठाच्या हंट्सविल इथले जॉन ख्रिस्टी आणि रॉय स्पेन्सर यांनी या नोंदींची मालिका तयार केली. जमिनीलगतची हवा तापताना दिसत होती, पण या मालिकेत वरची हवा फारशी तापताना दिसेना. मॉडेलं तर वेगळंच सांगत होती. तापमानवाढीवर शंका घेणाऱ्यांच्या हाती हे आयतंच कोलीत मिळालं.

या गोंधळाचं एक कारण घड्याळात होतं. दुपारी डोक्यावरून जाणारे उपग्रह कक्षा सरकत गेल्यामुळे वर्षागणिक थोडे उशिरा येऊ लागले. दुपारऐवजी कलत्या उन्हातली हवा मोजली गेली, की हवा थंड होत चालल्याचा भास होणारच. त्यासाठी दुरुस्ती केलेली होती, पण ती उलट्या दिशेने झाली होती. २००५ साली कार्ल मिअर्स आणि फ्रँक वेन्ट्झ यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात हे दाखवून दिलं. ख्रिस्टी आणि स्पेन्सर यांनी ते मान्य केलं आणि त्यांच्या मालिकेतला वाढीचा दर दशकाला सुमारे ०.०९ अंशावरून ०.१२ अंशावर गेला.

याचा अर्थ मॉडेलं निर्दोष आहेत, असा मात्र नाही. उष्ण कटिबंधातल्या वरच्या हवेबाबतची तफावत त्यानंतरही पूर्णपणे मिटली नाही. पण तुलना करायची तर ती न्यायाने व्हावी. मॉडेलात सगळ्या वेळांचे आणि सगळ्या जागांचे आकडे हाती असतात. उपग्रह ज्या वेळी, जिथून गेला आणि ढगांमुळे जिथे आंधळा झाला, तेवढंच मॉडेलातूनही निवडायचं आणि मग दोन्ही शेजारी ठेवायचं. शास्त्रज्ञ आता ही पद्धत वापरतात. एवढं करूनही जो फरक उरतो, त्यात मॉडेलाची चूक शोधायला अर्थ आहे.

तेव्हा श्रोतेहो, ‘उपग्रहाने मॉडेलं खोटी ठरवली’ किंवा ‘खरी ठरवली’ अशी बातमी वाचाल, तेव्हा एक प्रश्न जरूर विचारा: पाहणाऱ्याने पाहिलं कधी, आणि त्याला दिसलं नाही ते काय?